नळापासून माऊलीच्या कुंडापर्यंत

चोर्ला घाटाचं नाव काढलं की गोव्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर धुकं येतं, धबधबे येतात आणि रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाडीसमोर काढलेले फोटो येतात. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी नऊ-साडेनऊला साखळीत उभं राहून बघा, पणजी, म्हापसा, फोंडा, पार मडगावच्या गाड्या आणि बाइकवाल्यांचे ग्रुप सगळे केरीकडे निघालेले असतात. मला त्यात वाईट काही वाटत नाही. घाट सुंदरच आहे, लोक बघायला जाणारच. पण आम्ही डिचोलीची माणसं, आमच्या नळाला जे पाणी येतं ते याच डोंगरांतून उतरतं, आणि ते कुठून कसं येतं हे माझ्या मुलांना कधीतरी डोळ्यांनी दाखवावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. त्याला निमित्त मे महिन्याचं झालं. नळाला दिवसाआड पाणी, तेही बारीक, आणि धाकट्याने विचारलं की पाणी कोण बंद करतं? थोरली म्हणाली टाकी बंद करते. मग टाकीत कुठून येतं? नदीतून. आणि नदीत? तिथे दोघंही थांबली. तेव्हाच घरात ठरलं, पाऊस चांगला लागला की पाण्याच्या उलट दिशेने एक दिवस गाडी काढायची आणि जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जायचं.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यातला रविवार मिळाला. गाडीत नवरा, मी, दोन्ही मुलं, आणि सासू-सासरे. आईंनी पहाटे उठून हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या होत्या, शिवाय पुऱ्या आणि सुकी बटाट्याची भाजी, त्यामुळे गाडीभर हळदीच्या पानांचा वास. सात वाजायच्या आत निघालो, आणि माझं सगळ्यांना सांगणं आहे की या रस्त्याला जायचं तर असंच लवकर निघा, नऊनंतर घाटात निवांत असं काही राहत नाही.

पहिला थांबा साखळी. गर्दीच्या बाजारात नाही, पलीकडे विठ्ठलापूरला, कारापूरच्या विठ्ठल मंदिरापाशी. खाली वाळवंटी नदी. हिलाच आमची नदी म्हणायला हवं, कारण साखळीचा पाण्याचा प्रकल्प हिच्या पाण्यावर चालतो आणि तिथलं पाणी आमच्या बाजूला येतं. नदी भरून चालली होती, लाल मातीच्या रंगाची. बाबा मुलांना सांगत होते की साखळीत पूर येतो ना, तो बऱ्याच वेळा साखळीच्या पावसाने येतच नाही. इथे नुसती रिपरिप असते आणि वर चोर्ल्याच्या, विर्डीच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पडतो, आणि थोड्या वेळात इकडे पाणी चढायला लागतं. म्हणून तर बाजारात पाणी घुसू नये म्हणून नदीकाठाला भिंत घातली, पंप बसवले. धाकट्याने लगेच विचारलं, विर्डी कुठे? विर्डी महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात. म्हणजे आपली नदी महाराष्ट्रातून येते? हो, थोडी तिथून, थोडी वरून, बघूया म्हणाले.

पर्येला भूमिका देवीला गाडीतूनच हात जोडले आणि पुढे मोर्ले आलं. इथे आईंनी गाडी थांबवायला सांगितली. आता हे आधी ठरलं नव्हतं. मोर्ले कॉलनीत त्यांच्या मावशीच्या घरची माणसं राहतात. ही कॉलनी म्हणजे अंजुणे धरणात ज्यांची गावं गेली त्यांना वसवलेली जागा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून "मोर्लेची मावशी" हा शब्द ऐकत आले होते, पण ती मुळात मोर्लेची नव्हतीच, ती अंजुण्याची, हे मला त्या सकाळी तिच्या सुनेच्या ओट्यावर बसून चहा पिताना कळलं. मावशी आता नाहीत. सुनेने आम्हाला बघितल्याबरोबर आत जाऊन माटोळीचं सामान काढलं, कांगलां, कवंडळं, घागऱ्यो, आदल्या दिवशीच तिचा मुलगा रानातून घेऊन आला होता, आणि आईंच्या नको-नको म्हणण्याला न जुमानता एक मोठी पिशवी भरून गाडीत ठेवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, वेली, भाज्या बांधतात, ती माटोळी. साखळी, डिचोली, वाळपईच्या बाजारात चवथीच्या आधी ही रानफळं विकायला येतात त्यातली कितीतरी सत्तरी तालुक्याच्या रानातून आलेली असतात. म्हणजे पाणीच नाही, आमच्या गणपतीच्या वरची आरासही याच डोंगरांतून येते. लोक घाटातून नुसता फोटो घेऊन परत जातात तेव्हा मला हे सगळं त्यांना सांगावंसं वाटतं.

तिथून केरी, आणि अंजुणे धरण. पाऊस थांबला होता. धरण तुडुंब भरलेलं, चारी बाजूंनी हिरवे डोंगर, मागे सह्याद्रीची भिंत आणि तिच्यावरून पांढऱ्या रेघा उतरलेल्या. बघणारा म्हणेल काय सुंदर तलाव आहे. मीही इतकी वर्षं तेच म्हणायचे. आई मात्र गाडीतून उतरल्या आणि कठड्याला धरून बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, आणि मग एकदम त्यांच्या तोंडातून कोकणीच आली, "थंय पळय, थंय आसलीं आंब्याचीं झाडां." तिथे बघ, तिथे आंब्याची झाडं होती. आमच्या घरात तसं मराठीच बोलतात, वर्तमानपत्र मराठी, मुलांच्या गोष्टी मराठी, पण आईंना लहानपणाचं काही आठवलं की त्यांची भाषा आपोआप बदलते. त्या लहान असताना केरीपर्यंत गाडी यायची आणि तिथून पुढे चालत मावशीकडे जायचं, वाटेत व्हाळ ओलांडायचा, दुसऱ्या बाजूला सुपारीचं कुळागर, कुळागरात पाटाचं पाणी, आणि घराच्या पुढ्यात भाताची शेतं. सुट्टीत तिथे पंधरा-पंधरा दिवस राहायच्या. थोरलीने विचारलं, आजी, मग घर आत्ता कुठे आहे? "पाण्याखाली गं." "अजून?" "अजून."

माझ्या लेकीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला सांगता येणार नाही. शाळेत धरण म्हणजे काय ते शिकलेली, आकृती काढलेली, भिंत, जलाशय, कालवा असं लिहून बाण दाखवलेले. त्या आकृतीत जलाशयाच्या खाली कुणाचं तरी घर असतं हे कुणी सांगत नाही. आणि गोव्यात हे एकच उदाहरण नाही. सांग्याला साळावली धरणात कुर्डी गाव गेलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते गाव वर येतं आणि विस्थापित झालेली माणसं मे महिन्यात तिथे सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. पेपरात दरवर्षी फोटो येतात. अंजुण्याचं नाव तसं कुठे येत नाही. आमच्या डिचोलीत, साखळीत अर्ध्या लोकांना तर अंजुणे हे धरणाचंच नाव वाटतं, गावाचं होतं हे ठाऊक नसतं. या धरणाचं पाणी शेतीला जातं, पुढे वाळवंटीला मिळतं, उन्हाळ्यात साखळी आणि पोडोशेच्या पाणी प्रकल्पांना आधार देतं. मे महिन्यात आम्ही दिवसाआड का होईना बादली भरतो ती या लोकांनी घर सोडलं म्हणून. मोर्लेच्या ओट्यावर बसून आम्ही चहा प्यालो तेव्हा त्या सुनेने याबद्दल एक अक्षर काढलं नाही, उलट आम्हालाच पिशवी भरून दिली. मला तिथे धरणाच्या कठड्यापाशी फार भरून आलं आणि ते लपवायचं कारणही नाही.

पातोळ्या तिथेच खाल्ल्या. हळदीची पानं एका पिशवीत परत घेतली. शेजारीच कुणीतरी बिअरच्या बाटल्या फोडून टाकल्या होत्या, काचा पसरलेल्या, नवरा आणि बाबा दोघांनी मिळून जमेल तेवढ्या उचलल्या. ज्यांनी फोडल्या त्यांना हे माहीत नसणार की ते कुणाच्या तरी गावाच्या उशाशी उभे आहेत आणि कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात काच टाकतायत. असं समजूया की माहीत नसणार.

घाट केरीनंतर लगेच चढायला लागतो. वळणांबद्दल मी जास्त लिहित नाही, ती सगळ्यांनी बघितलीयत. एका वळणावरून खाली पूर्ण धरण दिसतं, तिथे मात्र थांबाच, कारण खालून जे तलावासारखं दिसत होतं ते वरून दरीसारखं दिसतं, नदीची वळणं, बाजूच्या घळी, सगळं कळतं की इथे आधी काय असेल. आईंनी वरून पुन्हा बोट दाखवलं. पण धुकं आलं आणि पाच मिनिटांत सगळं झाकलं.

ही वाट आजची नाही. डांबर व्हायच्या खूप आधी या डोंगरांतून बैलांचे तांडे चालायचे, लमाणांचे, गोव्यातून मीठ वर जायचं आणि वरून धान्य खाली यायचं. आजही तसंच आहे म्हणा, फक्त बैलांच्या जागी ट्रक आले. बेळगावहून येणारी भाजी, दूध या घाटातून उतरतं, आणि दरड पडून घाट एक दिवस बंद राहिला की दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारात टोमॅटोचा भाव बघा. आणि याच रानांच्या भरवशावर सत्तरीच्या राणे घराण्याने पोर्तुगीजांशी झुंज दिली. दीपाजी राण्यांनी 1852 साली बंड केलं, जानेवारीच्या 26 तारखेला नाणूसचा किल्ला घेतला. बाबांचा हा आवडता विषय, नाणूस वाळपईजवळ, आमच्या रस्त्यावर लागत नाही, पण त्यांनी घाट चढेपर्यंत मुलांना सगळं सांगितलं आणि मुलांनी ऐकलंही, कारण बाहेर धुक्यात दुसरं काही दिसतच नव्हतं.

एका ठिकाणी रस्त्याकडेला माकडं बसली होती आणि पुढच्या गाडीतून चिप्सचं पाकीट बाहेर आलं. मला हे बघवत नाही. माकड रस्त्यावर खायला शिकलं की रस्त्यावरच मरतं. या डोंगरात काय काय राहतं याचा विचार करा. म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, 208 चौरस किलोमीटरचं, गोव्याचं सगळ्यात उंच शिखर सोंसोगड याच्याच कुशीत. चोर्ल्याच्या मातीत एक देवगांडूळ सापडला, पाय नसलेला, गांडुळासारखा दिसणारा पण बेडकाच्या जातकुळीतला उभयचर प्राणी, आणि 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला म्हादई नदीचं नाव दिलं. म्हणजे आमच्या गोव्याच्या नदीचं नाव जगभरच्या प्राणिशास्त्राच्या यादीत आहे! थोरलीला हे इतकं आवडलं की तिने ते नाव वहीत लिहून घेतलं. आणि इथे वाघ आहेत. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषाने मारलेले. तेव्हा सगळा गोवा हळहळला होता. 2023 च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने इथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गावकऱ्यांना भीती आहे की आपल्याला उठवतील, आणि मोर्ले बघून आल्यावर ती भीती खोटी आहे असं मी तरी म्हणणार नाही. वाघही राहिला पाहिजे आणि गावही, दोघांनाही शब्द देऊन तो पाळणारं कुणीतरी पाहिजे.

वर सुर्ल्याच्या फाट्यावर पोहोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. (मॅपवर नुसतं सुर्ला टाकू नका. देऊळ असलेलं तांबडी सुर्ला वेगळं, मोलेकडून जायचं, आणि आमच्या डिचोली तालुक्यातही एक सुर्ला आहे.) साधारण आठशे मीटरची उंची, खालच्यापेक्षा हवा थंड, आणि सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार, नुसता फुललेला. सीतेची आसवं म्हणतात ती जांभळी-निळी बारीक फुलं गुडघे टेकल्याशिवाय नीट दिसत नाहीत. धाकट्याला सांगितलं की हे रोप किडे खातं, मातीखाली त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यात पाण्यातले जीव ओढले जातात, कारण या सड्यावर मातीच इतकी थोडी की रोपाला दुसरं खायला नाही. तो जमिनीवर पोट टेकून किती वेळ बघत होता. आणि याच सड्यात, या कातळातल्या भेगांत पाणी मुरतं, ते महिनोन् महिने हळूहळू खाली झिरपत राहतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीतही व्हाळ वाहतात. आमच्या डिचोलीच्या बाजूचे डोंगर खाणींनी खणून काढले, तिथे पाणी धरून ठेवणारं काही उरलं नाही, विहिरी खोल गेल्या. सड्यावर उभं राहून हा फरक मुलांना समजावून सांगावा लागला नाही, त्यांच्या पायाखाली पाणी वाजत होतं.

बहुतेक लोक इथून गाडी वळवतात. माझं म्हणणं आहे वळवू नका. सीमा ओलांडा, चोर्ला गावातून पुढे कणकुंबीपर्यंत जा. रस्ता आता सपाट होतो, भातशेती लागते, कौलारू घरं, आणि पाट्या कानडी. माणसं मात्र मराठी बोलणारी. खानापूर तालुक्याचा हा भाग. कणकुंबीला माऊली देवीचं मंदिर आहे आणि तिथे कुंड आहे, आणि या कुंडापाशी मलप्रभा नदीचा उगम मानतात. ही मलप्रभा पूर्वेकडे जाते, जवळजवळ तीनशे किलोमीटर वाहून कुडलसंगमला कृष्णेला मिळते, जिथे बसवेश्वरांची समाधी आहे, आणि कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागरात. आणि त्याच गावाजवळून कळसा नाला निघतो, तो पश्चिमेकडे वळतो, म्हादईला मिळतो, म्हादईची खाली मांडवी होते आणि पणजीला ती अरबी समुद्राला भेटते. घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस अर्धा पुढच्या अंगणात आणि अर्धा मागच्या परड्यात जातो ना, तसं हे गाव आहे. एकाच ढगातले दोन थेंब आणि दोन समुद्र. थोरली देवळाच्या बाहेर उभी राहून एकदा इकडे हात करायची, एकदा तिकडे.

मंदिराच्या जवळ चहा-भजीच्या टपरीवर एक बाई होत्या, त्यांनी "कुठनं आलासा?" म्हणून विचारलं. डिचोलीचं नाव ऐकल्यावर म्हणाल्या, गोव्याचं पाणी बघायला आलासा की वो, सगळे तेच बघायला येतात. खरंच तसं आहे. कारण कणकुंबीची दुसरी ओळख म्हणजे कळसा कालवा. कळसाचं पाणी पश्चिमेला न जाऊ देता मलप्रभेत वळवायचं, असा हा प्रकल्प, आणि त्याच्यासाठी खणलेले मोठे चर, काँक्रीट तिथेच बघायला मिळतं. ज्या म्हादईबद्दल आपण पेपरात वाचतो, मोर्चे, विधानसभेतली भाषणं, त्या सगळ्याचं मूळ हे एवढंसं गाव. 2010 साली तीन राज्यांच्या वादासाठी लवाद नेमला, 2018 च्या ऑगस्टमध्ये त्याचा निवाडा आला. गोव्याला 24 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33. कर्नाटकाच्या वाट्यातलं 3.9 टीएमसी कळसा आणि भांडुरा नाल्यांतून मलप्रभेकडे वळवायचं. तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या जल आयोगाने सुधारित आराखड्याला मान्यता दिली तेव्हा आमच्या साखळीत, डिचोलीत माणसं रस्त्यावर आली होती.

धाकट्याचा प्रश्न साधा होता. पाणी तिकडे नेलं तर आपल्याला कमी येईल? हो. मग ते का नेतात? हुबळी-धारवाडला प्यायला पाणी कमी पडतं म्हणून. मग त्यांना काय द्यायचं? बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, मलप्रभेवर मोठं धरण आहे, सौंदत्तीजवळ, त्याच्या पाण्यात शेतीसाठी केवढं जातं, उसाला किती जातं, तो हिशोब आधी झाला पाहिजे. मला ते पटतं. तहान लागलेल्याला पाणी देऊ नका असं कुठलंच माणूस म्हणणार नाही. पण नदीचा उतार बदलून एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात टाकायचं, तेही जंगलाच्या ऐन गाभ्यात, भीमगडचं अभयारण्य एका बाजूला आणि म्हादईचं दुसऱ्या बाजूला, हे मला मान्य नाही आणि कधीच होणार नाही. पश्चिमेला जाणारं पाणी "वाया जातं, समुद्राला मिळतं" असं म्हणतात ना, ते ऐकून फार त्रास होतो. मांडवीत गोडं पाणी उतरतं म्हणून खारं पाणी वर चढत नाही, म्हणून नदीकाठची बांध घातलेली खाजन शेती टिकते, म्हणून चोडण-दिवाडीला मासळी मिळते. नदी समुद्राला मिळणं हेच तिचं काम आहे, त्यात वाया काय गेलं?

टपरीवरच्या बाईंना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या भजी तळता तळता म्हणाल्या, आम्हाला कोण विचारतंय? इथं एवढा पाऊस पडतोय आणि उन्हाळ्यात आमच्याच विहिरीला पाणी नसतंय बघा. दोन्हीकडचे येतात, फोटो काढतात, जातात. मग दर बारा वर्षांनी भरणाऱ्या माऊलीच्या यात्रेबद्दल सांगायला लागल्या, तेव्हा किती लोक येतात, गोव्यातनं किती येतात, आणि चेहरा एकदम खुलला. आईंनी त्यांना एक पातोळी दिली, हळदीच्या पानासकट. बाईंनी भज्यांचे पैसे घेतले पण चहाचे घेतले नाहीत.

परत येताना घाटात गाड्यांची रांग होती, एका मोठ्या धबधब्यापाशी तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पार्किंग आणि मध्ये बेळगावकडून येणारा ट्रक अडकलेला. अर्धा तास तिथेच गेला. मुलं झोपली. कुणी ओरडत होतं, कुणी नाचत होतं, आणि मी खिडकीतून त्या धबधब्याकडे बघत होते की हे पाणी संध्याकाळपर्यंत अंजुण्यात पोहोचेल, कदाचित उद्या-परवा साखळीत. आई मागून म्हणाल्या, मावशीच्या सुनेला चवथीला बोलवायला हवं गं, दरवर्षी आपण फोनवर बोलतो आणि राहून जातं. मी म्हटलं, फोन नको, मीच जाऊन सांगून येते. आणि गेलेही, दोन दिवसांनी, शाळा सुटल्यावर थोरलीला घेऊन. गणपतीला ती घरची चार माणसं आली, तिच्या मुलाने माटोळीत काय कुठे बांधायचं ते माझ्या नवऱ्याला दाखवलं, कवंडळं मध्ये येतील अशी, आणि जेवताना आई आणि ती अंजुण्याबद्दल बोलत बसल्या, कुणाचं घर कुठे, व्हाळाला मासे कधी चढायचे. थोरलीने वहीत त्या दोघींना विचारून विचारून नकाशा काढलाय, घरं, देऊळ, कुळागर, वाट. अजून अर्धाच झालाय. मोर्लेला अजून म्हातारी माणसं आहेत, त्यांच्याकडे बसून तो पुरा करायचा असं तिने ठरवलंय.

धाकट्याचं मात्र वेगळंच चाललंय. आपलं पाणी बघितलं, आता दुसरा थेंब कुठे जातो ते बघायचं म्हणतो. म्हणजे कणकुंबीहून जांबोटी, खानापूर करत मलप्रभेच्या मागे मागे सौंदत्तीच्या धरणापर्यंत, आणि जमलं तर कुडलसंगमपर्यंत. एका दिवसात होण्यासारखं नाही, मुक्काम लागणार. दिवाळीच्या सुट्टीत जमवूया असं बाबांनी कबूल केलंय, आणि सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन होतं म्हणून आई तर आत्तापासूनच तयार आहेत.